जात्याकाठचे संशोधन : गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांचे ओवी-कार्य

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका मराठी अभ्यासकाला प्रामुख्याने दोन संदर्भांनी परिचित असतो. पहिला संदर्भ १९२१ ते १९२४ या काळातील मुळशी सत्याग्रहाचा. टाटांच्या वीजनिर्मितीसाठी मुळा नदीवर धरण बांधले जात असताना सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळे शेतकऱ्यांनी दिलेला तो लढा राजेंद्र व्होरा यांच्या ग्रंथामुळे नव्या पिढीच्या विचारविश्वात पुन्हा आला. दुसरा संदर्भ अलीकडचा आहे. तालुक्याच्या पूर्व अंगाला हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञाननगरी उभी राहिली आणि तिच्या परिसरातील माण, चांदे, नांदे यांसारख्या गावांची शेते बघता बघता इमारतींच्या सावलीत गेली. चांदे-नांदे ही नावे जोडीने उच्चारण्याची जुनी रीत अजून टिकून आहे; त्या गावांतील पहाट मात्र पूर्वीची राहिलेली नाही. पहाटेचा जो आवाज एकेकाळी कोणत्याही मावळी गावाची ओळख होता, तो जात्याच्या घरघरीचा आणि तिच्यावर स्वार झालेल्या ओवीचा आवाज आता ऐकू येत नाही.

तरीही तो पूर्णपणे हरवलेला नाही. याच मुळशी तालुक्याच्या डोंगरी पट्ट्यात, कोळवण खोऱ्यात व त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर, ऐंशीच्या दशकात ओव्या नोंदवण्याचे जे काम सुरू झाले, त्यातून पुढे एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह सिद्ध झाला. महाराष्ट्रातील अकराशेहून अधिक गावांतील तीन हजारांवर स्त्रियांनी सांगितलेल्या वा गायिलेल्या या ओव्या होत. मराठी लोकसाहित्याच्या इतिहासात एवढ्या विस्ताराचे दुसरे ओवीसंकलन नाही. या कामाचे प्रवर्तक गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर हे होत. मराठी विभागांच्या अभ्यासक्रमांत लोकसाहित्याची अभ्यासपत्रिका असते, तीत साने गुरुजी असतात, दुर्गा भागवत व सरोजिनी बाबर असतात. ही दोन नावे मात्र क्वचितच आढळतात. पॉइटवाँ यांनी आपले बहुतेक लेखन फ्रेंच व इंग्रजी भाषांत केले, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. त्यांच्या कामाने लोकसाहित्याच्या अभ्यासापुढे जे प्रश्न ठेवले, ते केवळ साहित्याच्या चौकटीत मावणारे नाहीत.

मराठी लेखनात हे फ्रेंच आडनाव एकाच रीतीने लिहिले जात नाही. मूळ उच्चार 'प्वातव्हँ'च्या जवळ जाणारा असला तरी ओव्यांच्या संदर्भात 'पॉइटवाँ' हेच रूप रूढ झाले आहे, म्हणून येथेही तेच स्वीकारले आहे. त्यांचा जन्म १९३४चा, फ्रान्सच्या पश्चिम भागातील मायेन परगण्यातला. तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र यांचे शिक्षण घेऊन ते १९७२ साली पुण्यात आले आणि २००४ साली निधन होईपर्यंत इथलेच झाले. पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्वही स्वीकारले. गुंटर सोन्थायमर यांचा जन्मही १९३४चाच, हा योगायोग लक्षणीय आहे. एकाच वर्षी युरोपात जन्मलेले दोन अभ्यासक महाराष्ट्रात आले, दोघांनीही ओवीचा शोध घेतला. पण सोन्थायमर धनगरांच्या, बिरोबा-खंडोबाच्या दीर्घ कथनात्मक ओव्यांकडे वळले आणि पॉइटवाँ जात्यावरच्या दोन ओळींकडे. एकाने देवतांचा व पशुपालक समाजाचा इतिहास शोधला, तर दुसऱ्याने घराच्या कोपऱ्यात बसलेल्या स्त्रीचे म्हणणे ऐकले. मराठी अभ्यासकांनी पहिल्याची दखल अधिक घेतली, असे म्हणणे चुकीचे ठरू नये.

पॉइटवाँ यांच्या कारकिर्दीचा आरंभ ओवीपासून झाला नाही. ते ग्रामीण भागात आले ते सामाजिक कार्याच्या निमित्ताने. 'व्हिलेज कम्युनिटी डेव्हलपमेंट असोसिएशन' ही संस्था, डोंगरी भागातील गरिबांची 'गरीब डोंगरी संघटना' आणि ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी आकाराला आलेले 'सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' हे पुण्यातील केंद्र अशी या कामाची तीन अंगे होती. पहिली दोन कार्याची आणि तिसरे संशोधनाचे, अशी वाटणी वरवर दिसते. प्रत्यक्षात ही अंगे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. केंद्राच्या नावातील 'सहकारी संशोधन' हा शब्दप्रयोग याच दृष्टीने वाचला पाहिजे. ज्यांच्याविषयी संशोधन करावयाचे, त्यांनीच ते करावे. शिकलेल्या अभ्यासकाने त्यांच्यासमवेत बसावे, प्रश्न विचारावेत, नोंदी ठेवाव्यात, पण अर्थ लावण्याचा अधिकार एकट्याकडे घेऊ नये, अशी ही भूमिका होती. गावागावांतील कार्यकर्ते व कार्यकर्त्या यांच्या बैठका होत. त्यांत रेशनकार्ड, जमिनीचा सातबारा, दारू, दवाखाना हे विषय जसे निघत, तसेच बाईचे जगणे हाही विषय निघे. बाईच्या जगण्याविषयी बायकांना बोलते करावयाचे तर भाषणाची भाषा अपुरी पडते; ओवी मात्र आपसूक येते. ओव्यांच्या संकलनाचा उगम या साध्या अनुभवात आहे.

या उगमाचे महत्त्व कळण्यासाठी आधीच्या संकलनांची परंपरा थोडक्यात आठवणे आवश्यक आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद आलेली आहे. म्हणजे ग्रांथिक ओवीच्या दीड शतक आधीपासून श्रमाशी जोडलेली ओवी अस्तित्वात होती. तिचे आधुनिक संकलन विसाव्या शतकात जोमाने झाले. साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन' या दोन भागांच्या संग्रहात ओव्यांची विषयवार मांडणी केली आणि तिला स्वतःच्या हृदयस्पर्शी विवेचनाची जोड दिली. कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या ग्रंथाला 'अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते' असे नाव दिले. वेदांना लावले जाणारे विशेषण बायकांच्या गाण्यांना लावताना त्यांनी साधलेला श्लेष आजही दाद घेऊन जातो : जे पुरुषाने रचलेले नाही, ते अपौरुषेय. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून गावोगावच्या शिक्षकांना, गृहिणींना लिहिते केले आणि प्रचंड सामग्री छापून काढली. दुर्गा भागवत यांनी 'लोकसाहित्याची रूपरेषा' लिहून या विद्याशाखेला शास्त्राची शिस्त दिली. पुढे तारा भवाळकर यांनी 'स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर' या पुस्तकात लोकगीतांतील स्त्रीच्या बंडखोर स्वराकडे निर्णायकपणे लक्ष वेधले.

या परंपरेचे ऋण मोठे आहे, तिची एक मर्यादाही आहे. बहुतेक संकलने ही निवडक ओव्यांची आहेत, आणि निवड संकलकाच्या अभिरुचीने झालेली आहे. सुंदर ओवी ठेवावी, रांगडी गाळावी. शुद्ध पाठ ठेवावा, मोडका दुरुस्त करावा. एकाच ओवीची पाच रूपे मिळाली तर त्यांतील सरस रूप छापावे, अशी ही रीत. परिणामी आपल्या अभ्यासपत्रिकांतून जी ओवी शिकवली जाते ती माहेरची ओढ, भावाची वाट, बाळाचे कौतुक यांची ओवी असते. हे विषय ओवीत आहेतच, विपुल आहेत. पण त्यांच्या बरोबरीने जे आहे ते, म्हणजे उपासमार, सवत, वांझपणाचा ठपका, मारझोड, बाईच्या जन्माविषयीचा उद्वेग, शेजारणीची कुचाळकी, सावकाराचे देणे, हे सारे निवडीच्या चाळणीतून बव्हंशी खाली पडते. आणखी एक गोष्ट पडते : गाणाऱ्या बाईचे नाव. लोकसाहित्य हे समूहाचे, त्याला कर्ता नसतो, या सिद्धान्ताच्या आधाराने संकलक नाव नोंदवण्याच्या जबाबदारीतून सहज मोकळा होतो.

पॉइटवाँ-राईरकर यांच्या संग्रहात प्रत्येक ओवीपुढे गाणारीचे नाव आणि गाव आहे. वरकरणी ही लहानशी तांत्रिक बाब वाटते. तिच्यामागे सबंध दृष्टिकोन आहे. ओवीची शब्दकळा परंपरेची असते हे त्यांना मान्य होते. पण परंपरेच्या भांडारातून आज, या पहाटे, या बाईने हीच ओवी का उचलली, तीत कोणाचे नाव घातले, कोणता शब्द बदलला, हा निर्णय तिचा असतो. त्या निर्णयात तिचे कर्तेपण आहे. 'द व्हॉइस अँड द विल' हे पॉइटवाँ यांच्या २००२ मधील ग्रंथाचे शीर्षक या भूमिकेचे सूत्ररूप मानता येईल : आवाज आणि इच्छाशक्ती. समाजाच्या तळातील माणसाला आवाज असतो, हे सांगणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. त्या आवाजामागे विचारपूर्वक घेतलेला निर्णयही असतो, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी ओवीचा पुरावा वापरला.

येथे जात्यावरच्या ओवीची घडण समजून घेतली पाहिजे, कारण शहरात वाढलेल्या आजच्या विद्यार्थ्याने जाते बहुधा संग्रहालयातच पाहिलेले असते. जात्याच्या दोन पाळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या पाळीत लाकडी खुंटा ठोकलेला आणि मध्यभागी तोंड. त्या तोंडात एका हाताने मूठ-मूठ दाणे वैरायचे आणि दुसऱ्या हाताने खुंटा ओढायचा. दळण मोठे असेल तर दोघी समोरासमोर बसतात, सासू-सून, जावा-जावा किंवा शेजारणी. एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने धरावी. पहाटेची वेळ, घरातले पुरुष निजलेले, काम जड आणि एकसुरी. जात्याच्या घरघरीने आवाजाभोवती एक पडदा तयार होतो. म्हणून एरवी जे बोलता येत नाही ते तेथे गाता येते. समोर सासू असली तर बोच उपहासात लपते. मैत्रीण असली तर उघडी होते. पाळी गुळगुळीत झाली की तिला टाकी लावून घ्यावी लागते. गावोगाव फिरून हे काम करणारी वडार माणसे या साऱ्या व्यवहारात अदृश्य राहतात. पॉइटवाँ यांच्या केंद्राने वडार समाजाच्या कथांचाही मागोवा घेतला, हे या संदर्भात सूचक आहे.

लिहिलेली ओवी दोन ओळींची दिसते. गायिली जाणारी ओवी तेवढी नसते. गाताना ओळ मध्येच तुटते, अर्धी पुन्हा म्हटली जाते, 'बाई', 'गं', 'सांगते' अशी पूरके शिरतात, एखादे पालुपद दर खेपेला फिरून येते. चालीला या स्त्रिया 'गळा' म्हणतात. अमकीचा गळा वेगळा, या गळ्यावर ही ओवी बसत नाही, अशी त्यांची परिभाषा आहे. शरीराच्या अवयवाचे नाव चालीला देणारी ही परिभाषा संगीतशास्त्राच्या कोणत्याही संज्ञेइतकी नेमकी आहे. कागदावर उतरताना गळा नाहीसा होतो. म्हणूनच नव्वदच्या दशकात या प्रकल्पाला बर्नार्ड बेल यांची मिळालेली जोड निर्णायक ठरली. संगणकाच्या साहाय्याने संगीताचा अभ्यास करणारे हे फ्रेंच संशोधक. त्यांनी ओव्यांसाठी संगणकीय आधारसामग्रीची रचना केली आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. साडेचार हजारांच्या आसपास ओव्या प्रत्यक्ष आवाजात जतन झाल्या. त्या काळात मराठी विभागांमध्ये संगणक ही टंकलेखनयंत्राची सुधारित आवृत्ती समजली जात असताना, लाखभर ओव्यांची प्रत्येक ओवीला सांकेतिक क्रमांक देऊन मांडणी करण्याचा हा उद्योग चालू होता. युनेस्को, नेदरलँड्सचे विकास-सहकार्य मंत्रालय आणि स्वित्झर्लंडमधील शार्ल लेओपोल्ड मायर प्रतिष्ठान यांचे अर्थसाहाय्य त्यास लाभले. महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाने हा भार उचलला असता तर ते अधिक शोभले असते.

ध्वनिमुद्रण मुळशीपुरते राहिले नाही. १९९६ साली परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांचा आवाज टिपला गेला. जाणकार श्रोत्याला पहिल्याच ऐकण्यात थांबवणारा तो आवाज आहे. त्याच वर्षी बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या नोंदवल्या गेल्या. ओवीच्या अभ्यासात या ओव्यांचे स्थान फार महत्त्वाचे आहे. लोकसाहित्य म्हणजे भूतकाळाचे अवशेष, ही समजूत त्या एका फटक्यात खोटी पाडतात. राम, विठ्ठल, भाऊराया यांच्यासाठी घडलेल्या साच्यात विसाव्या शतकातील एक पुढारी येऊन बसतो. त्याच्या स्वागताची तयारी बहीण भावासाठी करते तशी होते. दीक्षेचा नवा अर्थ जुन्या शब्दांतून व्यक्त होतो. जात्यावर बसलेल्या स्त्रियांनी इतिहास घडत असताना त्याची नोंद केली. दलित साहित्याच्या इतिहासात कवितेचा आरंभ कोठून धरावयाचा, हा वाद घालणाऱ्यांनी या ओव्या विचारात घ्यावयास हव्यात.

पॉइटवाँ यांची दलित साहित्याविषयीची आस्था केवळ संकलकाची नव्हती. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. पॉइटवाँ यांनी केलेला त्याचा फ्रेंच अनुवाद १९९० साली पॅरिसमध्ये प्रकाशित झाला आणि पाठोपाठ, १९९१ साली, बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'चा. हीच दोन पुस्तके इंग्रजीत येण्यास अनुक्रमे २०१५ व २००८ ही वर्षे उजाडावी लागली. म्हणजे भारतातल्या इंग्रजी वाचकाला 'बलुतं' हाती येण्यापूर्वी पंचवीस वर्षे ते फ्रेंच वाचकाला उपलब्ध होते. अनुवादाच्या अभ्यासकांनी ही घटना अद्याप पुरेशी तपासलेली नाही. बोलीचा कस, गावगाड्याची परिभाषा, येसकरपाळी, तराळकी, बलुत्याचा हिशेब हे सारे एका फ्रेंच भाषकाने कसे पेलले, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. इतके मात्र खरे की कोळवण खोऱ्यातल्या बैठकांत वर्षानुवर्षे बसल्याखेरीज ते त्याला पेलले नसते.

हेमा राईरकर यांचा वाटा येथे वेगळा सांगावा लागतो, कारण संयुक्त लेखनात भारतीय सहकाऱ्याचे, त्यातही स्त्रीचे नाव दुसऱ्या क्रमांकाला जाते आणि मग श्रेयही. खेड्यातील बाई अनोळखी परदेशी पुरुषासमोर सवतीची ओवी गाणार नाही. ती गाते ती राईरकरांसमोर, आणि त्याहूनही अधिक, त्यांनी उभ्या केलेल्या गावातल्याच कार्यकर्त्या बाईसमोर. ओव्या समजून घेणे, बोलीतले शब्द उलगडणे, विषयांची वर्गवारी करणे या कामात राईरकर केंद्रस्थानी होत्या. दोघांच्या नावावरील १९८५चे फ्रेंच पुस्तक खेड्यातील स्त्रीच्या जगण्याच्या व्यथेवर आहे. १९९३ साली 'इंडियन पेझंट विमेन स्पीक अप' आणि १९९६ साली 'स्टोनमिल अँड भक्ती' ही इंग्रजी पुस्तके आली. शेवटच्या ग्रंथाचे उपशीर्षक, शेतकरी स्त्रियांच्या भक्तीपासून स्वामींच्या तत्त्वज्ञानापर्यंत अशा आशयाचे, लेखकांची दिशा सांगून जाते. जात्यावरच्या ओवीतील विठ्ठल घरी येतो, भाकर खातो, दळू लागतो; तो नात्यातला असतो. जनाबाईच्या परंपरेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. पण हा विठ्ठल आणि प्रवचनांतून मांडले जाणारे वेदान्तपर भक्तितत्त्व यांच्यात जे अंतर पडते, ते केवळ शैलीचे नसून सामाजिक स्थानाचे आहे, हे म्हणणे चिंतनीय आहे. बाईच्या भक्तीला अडाणी ठरवून तिला उन्नत करू पाहणारे शास्त्र तिच्याकडून काय काढून घेते, असा तो प्रश्न आहे.

या कार्याच्या मर्यादांचा विचार टाळणे योग्य होणार नाही. पहिली मर्यादा वर्गीकरणाची. सीता, बाईचा जन्म, देवदेवता व पंढरीची वाट, लेक, भाऊ, सासर, गाव, बाबासाहेब अशा विषयांखाली, पुन्हा उपविषयांखाली ओव्या लावल्या गेल्या. लाखभर नोंदी हाताळावयाच्या तर याला पर्याय नव्हता. परंतु जात्यावर ओव्या विषयवार येत नाहीत. दळण सुरू करताना देवाची ओवी, मग आईबापाची, मधेच लेकीच्या आठवणीवरून सासरच्या छळाची, त्यावरून सीतेची, आणि दळण सरताना पुन्हा देवाची, असा एक प्रवाह असतो. एका ओवीतल्या शब्दाने दुसरी सुचते. कधी सीतेवरून स्वतःकडे येता येते. कधी स्वतःचे म्हणणे झाकण्यासाठी सीतेकडे जाता येते. हा जोड वर्गवारीत तुटतो. दोन सुट्या ओव्यांपेक्षा त्यांच्यामधल्या सांध्यात अधिक अर्थ असू शकतो, आणि तो सांधा कोष्टकात दिसत नाही. ध्वनिमुद्रणांत तो अंशतः शिल्लक आहे. त्यांचा अभ्यास त्या दृष्टीने होणे बाकी आहे.

दुसरी मर्यादा प्रसंगाची. ध्वनिमुद्रणासाठी जमलेल्या पंधरा-वीस बायका, मधोमध ठेवलेले जाते, समोर यंत्र. ही पहाट नव्हे. तेथे एकान्त नाही, पडदा नाही. गरीब डोंगरी संघटनेच्या मेळाव्यांत मराठा आणि बौद्ध स्त्रिया एकत्र बसून गायिल्या. एकमेकींच्या घरी पाणी पिण्यावर जिथे बंधने होती, तिथे एका जात्याचा खुंटा दोघींनी धरणे ही संघटनेच्या कार्याची मोठीच फलश्रुती होय. पण त्याचबरोबर, अशा मेळाव्यात कोणत्या ओव्या गायिल्या जात नाहीत, हाही प्रश्न विचारावा लागतो. कार्यकर्त्यांना आवडेल ते गाण्याची जाणीव गाणाऱ्यांना होतच असणार.

तिसरा मुद्दा अर्थनिर्णयाचा. ओवीत बाई स्वतःविषयी बोलते, आपल्या स्थितीचा विचार करते, हे पॉइटवाँ यांचे प्रतिपादन मान्य करूनही असे दिसते की तीच बाई मुलग्याचे नवस बोलते, भावाच्या श्रीमंतीचा तोरा मिरवते, वांझेला अशुभ मानते, पतिव्रतेचे गोडवे गाते. हे केवळ लादलेले आहे असे म्हणून बाजूला सारता येत नाही. तेही तिचेच म्हणणे आहे. आवाज आणि इच्छा यांचा संबंध मान्य करावयाचा तर ती इच्छा कधी व्यवस्थेच्या बाजूने असते हेही मान्य करावे लागेल. साने गुरुजींना ओवीत मातृहृदय दिसले, भवाळकरांना मुक्तीचा स्वर दिसला, पॉइटवाँ यांना आत्मभान दिसले. लाखभर ओव्यांत तिन्ही आहे, आणि तिघांनाही अडचणीचे ठरेल असेही बरेच आहे. संग्रहाचा विस्तार नेमका येथे उपयोगी पडतो. निवडक ओव्यांच्या आधारे कोणताही सिद्धान्त सजवता येतो. साऱ्या ओव्या समोर असल्या की सिद्धान्ताला उत्तरे द्यावी लागतात. आपल्याच निष्कर्षांना छेद देऊ शकेल अशी सामग्री पॉइटवाँ-राईरकरांनी न चाळता ठेवली, यात त्यांचा संशोधक म्हणून प्रामाणिकपणा दिसतो.

पॉइटवाँ यांच्या मृत्यूनंतर काही वर्षे हा संग्रह अभ्यासकांच्या लहानशा वर्तुळापुरता राहिला. पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७पासून या ओव्या ध्वनी, मूळ पाठ आणि अनुवाद यांसह क्रमाक्रमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्या निमित्ताने मुळशीतील नांदगाव, लवार्डे, कोळवडे येथे, तसेच मराठवाड्यातील गावी पुन्हा जाणे झाले; वीस वर्षांपूर्वी गायिलेल्या स्त्रियांचा शोध घेतला गेला. काही भेटल्या. काहींची केवळ मुले भेटली आणि त्यांना आईचा आवाज यंत्रावर ऐकवण्यात आला. जुन्या संग्रहाचे संपादन करताना मूळ मुद्रणांत सहभागी असलेल्या केंद्रातील सहकाऱ्यांचे सहकार्य मिळाले, ही भाग्याची गोष्ट. कारण 'हा शब्द कोळवणात असा म्हणतात' हे सांगणारे माणूस नसेल तर पाठ वाचता येतो, उलगडत नाही.

पिठाची गिरणी आली आणि ओवीचे कारण संपले, असे सर्रास म्हटले जाते. बाईच्या दृष्टीने ती सुटकाच होती. रोजच्या दळणाचे हात सोललेले दुखणे ज्यांनी भोगले त्यांच्यासमोर जात्याचे गुणगान करणे हा अभ्यासकाचा चोचला ठरेल. मुळशीतल्या गाणाऱ्या स्त्रियांनाही आपल्या सुनांनी दळावे असे वाटत नाही. लग्नघरी हळद दळण्यासाठी मात्र जाते अजून बाहेर निघते. त्याला हळदकुंकू वाहतात, पाच सुवासिनी खुंट्याला हात लावतात आणि दोनचार ओव्या गायिल्या जातात. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला पुढे बसवतात, कारण शब्द तिलाच येतात. धाकट्या मागून सूर धरतात. त्यांच्यापैकी एखादी हिंजवडीच्या कचेरीत काम करणारी असते आणि ती आपल्या भ्रमणध्वनीवर ते टिपून घेते. तीत गाणारीचे नाव आणि गाव बहुधा नोंदवलेले नसते.